तपासनिसाशी हुज्जत

विरार गाडीने रोज जाणाऱ्या माणसाला सूचना ऐकू येत नाहीत. कान शाबूत असतात. पलीकडच्या बाकावर कुणी नुसतं 'भाईंदर' असं पुटपुटलं, की पेंगणारे तिघे जण डोळे उघडतात. जागा रिकामी होण्याची शक्यता असते ना! पण डब्यातली ध्वनिमुद्रित बाई तीन भाषांत, न चिडता, न दमता सांगते की पायदान आणि फलाट यांतल्या अंतराकडे लक्ष द्या, तेव्हा आपण एका पायावर, दुसऱ्याच्या बॅगेचा पट्टा धरून, नेमके त्याच अंतराच्या वर लोंबत असतो. तिचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. तिचं चुकतं ते एवढंच, की ती ते प्रत्येक स्टेशनला म्हणते. नालासोपाऱ्याला पहिल्यांदा उतरणाऱ्या पाहुण्याचा पाय त्या सूचनेने वाचू शकतो. रोजच्याला ती पंख्याच्या घरघरीइतकीच ऐकू येते.

असे सरावलेले कान घेऊन माणूस रात्री घरी संगणकापुढे बसतो आणि तिथेही समोर सूचनांची रांग उभी राहते, तेव्हा त्यातल्या कुठल्या ऐकायच्या आणि कुठल्या गप्प करायच्या, हा माझ्यापुढचा जुना प्रश्न आहे. मला एक निरुपद्रवी व्यसन आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले छोटे छोटे प्रोग्राम मी डेबियनसाठी पॅकेज करून देतो. डेबियन ही मुक्त, फुकट मिळणारी प्रणाली. इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये ती जाहीर केली आणि स्वतःच्या नावाला मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव जोडून तिचं बारसं केलं. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. २०२३ साली त्यांचं वार्षिक संमेलन आपल्याकडे कोचीला भरलं होतं. यातल्या पॅकेज करणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. त्याचं काम प्रोग्राम लिहिण्याचं नसतं. कुठली फाईल कुठे जाईल, प्रोग्रामला आणखी कोणकोणते प्रोग्राम लागतात, परवाना काय आहे, वर्णन काय लिहायचं, हे सगळं नीट बांधून द्यायचं, म्हणजे जगाच्या पाठीवर कुणीही एक आज्ञा टाइप केली की ते त्याच्या यंत्रावर गपगुमान बसलं पाहिजे.

"याचे पैसे मिळतात?" बायकोने एकदा विचारलं.

"नाही."

"मग चुका कोण काढतं?"

"त्यासाठी एक प्रोग्राम आहे."

"मग बरं आहे," ती म्हणाली, "तेवढंच माझं काम हलकं."

तो प्रोग्राम म्हणजे लिंटियन. ख्रिश्चन श्वार्झ आणि रिचर्ड ब्राकमन या दोघांनी १९९८ साली पर्ल भाषेत त्याची सुरुवात केली. आपण बांधलेलं पॅकेज त्याच्या पुढ्यात ठेवायचं. तो ते सोडतो, आतली फाईल न् फाईल चाळतो आणि डेबियनच्या नियमावलीत न बसणारं जे जे दिसेल त्याची यादी देतो. ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असतं. 'ई' म्हणजे एरर, 'डब्ल्यू' म्हणजे वॉर्निंग, 'आय' म्हणजे नुसती माहिती. त्याखाली 'पी', म्हणजे पेडांटिक. ही फाजील चिकित्सकपणाची पायरी लिंटियनच्या कर्त्यांनी स्वतःहून निराळी काढली आहे आणि मुद्दाम मागितल्याशिवाय तो ती दाखवत नाही. ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा वगैरे गोष्टी तिथे येतात. माणसांतही असे पुष्कळ असतात. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला तर त्यांच्यावाचून कोरम होत नाही. फक्त त्यांच्या बाबतीत ती पायरी बंद करून ठेवण्याची सोय नाही.

वर्णनाची पहिली ओळ इंग्रजीतल्या 'अ' किंवा 'द' या उपपदाने सुरू झाली तरी लिंटियन हरकत घेतो. प्रोग्रामला माहितीपुस्तिकेचं पान नसलं तर घेतो. स्पेलिंगं तर तो प्रोग्रामच्या पोटात शिरून, आतली वाक्यं उकरून तपासतो. पण या तपासनिसाबद्दल मला कायमचा आदर वाटतो तो एका जुन्या गोष्टीसाठी. बरीच वर्षं तो प्रत्येक हरकतीला दोन मापं लावत असे. एक, चूक किती गंभीर. दोन, ती चूकच आहे याची आपल्याला किती खात्री. खात्रीच्या तीन पायऱ्या होत्या: नक्की, शक्य, आणि तिसरी 'वाइल्ड गेस', म्हणजे सरळ अंदाजपंचे. आपण अंदाजपंचे बोलतोय हे लिहून देणारा तपासनीस मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे ही खात्रीची पट्टी काढून टाकली आणि नुसती गांभीर्याची ठेवली. सोय झाली असेल, पण एका सद्गुणाची नोंद पुसली गेली याची हळहळ वाटते.

आता, तपासनीस म्हणेल ते सगळंच बरोबर असतं असं नाही, हे सगळ्यांनाच पहिल्यापासून माहीत होतं. लिंटियनचा पूर्वज 'लिंट'. तो १९७८ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सनने सी भाषेसाठी लिहिला. त्या पहिल्या तपासनिसाबरोबरच जॉन्सनने त्याला गप्प करण्याचीही सोय दिली होती. 'प्रोग्राम या ठिकाणी कधी पोचतच नाही', 'हा घटक मुद्दामच वापरलेला नाही' अशा अर्थाच्या ठरावीक खुणा आपल्या कोडमध्ये लिहिल्या की लिंट तेवढ्यापुरता तोंड मिटून पुढे जात असे. लिंटियनमध्ये याच सोयीला ओव्हरराइड म्हणतात. पॅकेजमध्ये एक छोटी फाईल ठेवायची आणि त्यात हरकतीचं नाव एका ओळीत लिहायचं, की ती हरकत यादीतून जाते. खरं म्हणजे जात नाही. ओव्हरराइडसुद्धा दाखव असं सांगितलं तर लिंटियन तीच ओळ 'ओ' हे अक्षर लावून पुन्हा दाखवतो. आणि त्या ओळीच्या लगेच वर आपण टीप म्हणून कारण लिहिलं असेल, तर तेही सोबत छापतो. सरकारी फाईलवर साहेब शेरा मारतात तसंच हे. फाईलवरचा आक्षेप खोडला जात नाही, त्याच्या शेजारी एक ओळ वाढते, आणि ती कुणी वाढवली हे कायम कळतं.

शेरा कधी मारायचा, याचं उत्तर लिंटियनच्या स्वतःच्या पुस्तिकेत आहे, आणि ते चांगलं आहे. पॅकेज बरोबर असूनही हरकत येते याची कारणं ती तीन प्रकारची सांगते. तपासनिसातच दोष असेल. किंवा ती तपासणीच अशी असेल की तिला सगळी प्रकरणं ओळखता येणं शक्य नाही. किंवा नियमावलीनेच तिथे अपवादाला परवानगी दिली असेल. पहिल्या प्रकारात शेरा मारू नका, आम्हाला दोष कळवा, असं कर्ते म्हणतात. तपासनिसाचं चुकतंय हे तपासनिसालाच सांगायचं, परस्पर त्याच्या तोंडावर पट्टी लावायची नाही. बाकीच्या दोन प्रकारांत ओव्हरराइड. वाचायला सोपं आहे. अडचण अशी की रात्री साडेअकराला, पायांत अजून विरार गाडी भरलेली असताना, आपल्यासमोरची हरकत या तिन्हींपैकी कशात बसते हे ठरवायला बसावं लागतं. आणि चौथा प्रकार, म्हणजे 'आत्ता कंटाळा आलाय', हा पुस्तिकेत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा राहतो. कॉलेजच्या कुठल्याशा शिबिरात त्याला हा नाद लागला आणि आमचं व्यसन समान आहे हे लिफ्टमध्ये उघड झालं. मराठी टायपिंग शिकवणारा एक छोटा प्रोग्राम त्याने पॅकेज करायला घेतला होता. एका रविवारी तो लॅपटॉप उघडाच हातात धरून दारात उभा.

"काका, चाळीसच्या वर वॉर्निंग आल्यात. ओव्हरराइडमध्ये प्रत्येकीपुढे स्टार टाकून उडवून टाकू का?"

"टाक की. फक्त प्रत्येकीच्या वर कारण लिही."

तो जरा वेळ विचार करून म्हणाला, "कारण म्हणजे... खूप आल्यात म्हणून?"

आम्ही बसलो. चहा झाला. चाळीसांतल्या पुष्कळशा हरकती एकाच चुकीची पिल्लं निघाल्या. एक ओळ दुरुस्त केली आणि डझनभर एकदम गेल्या. परवान्याच्या फाईलमध्ये एक नाव राहिलं होतं, ते घातलं. वर्णनाच्या पहिल्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम होता, तो काढला. या सगळ्यावर ओव्हरराइड लिहायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यातच त्या दुरुस्त झाल्या. हे नेहमी असंच होतं, आणि नेहमीच नंतर कळतं.

मग खरा पेच आला. टायपिंगच्या सरावाचे उतारे एका जावास्क्रिप्ट फाईलमध्ये होते आणि प्रत्येक उतारा एकेका अखंड ओळीत होता. लिंटियनने त्या लांबलचक ओळी पाहिल्या आणि एरर दिली: मूळ स्रोत गायब आहे. त्याच्या बाजूने पाहिलं तर शंका रास्त होती. जावास्क्रिप्ट आकसून, दाबून, एका ओळीत कोंबून वाटण्याची पद्धत आहे. असा कोंबलेला माल माणसाला वाचता येत नाही, आणि वाचता येईल असा मूळ कोड सोबत नसेल तर डेबियन तो घेत नाही. तेव्हा लांब ओळ दिसली की तपासनिसाला वास येतो. पण इथे लांब ओळ म्हणजे कुणीतरी हाताने टाइप केलेला, पावसाळ्याचं वर्णन करणारा, एक निष्पाप शालेय परिच्छेद होता. तीच मूळ फाईल. तिच्या मागे आणखी मूळ असं काही नाही.

यात एक मराठी गंमतही आहे. यूटीएफ-आठ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन. 'विरार' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो; यंत्राच्या हिशेबी तो व, वेलांटी, र, काना, र असा पाच घटकांचा आणि १५ बाइटांचा. जो कुणी तपासनीस अक्षरांऐवजी बाइट मोजत असेल, त्याला साधं मराठी वाक्यसुद्धा मालगाडीएवढं दिसणार.

"ओळी तोडून टाकू?" मुलाने विचारलं. "मग हरकतच राहणार नाही."

तोडता आल्या असत्या. पण ती फाईल त्याची नव्हती. मूळ लेखकाच्या फाईलमध्ये आपण बदल केला, की तो बदल पॅच म्हणून आपल्या अंगावर येतो. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की दर वेळी तो पुन्हा बसवायचा, बसत नसेल तर ठोकून बसवायचा. आणि हे सगळं कशासाठी, तर कुठेही काही बिघडलेलं नसताना तपासनिसाला बरं वाटावं म्हणून. म्हणून इथे शेरा मारायचं ठरलं. 'ही हाताने लिहिलेली मूळ फाईल आहे, उतारे एका ओळीत आहेत' एवढंच कारण वर लिही, असं मी त्याला सांगितलं.

माझं सगळं म्हणणं या ओळीपाशी येऊन थांबतं. लोक ओव्हरराइडला घाबरतात. त्यात काहीतरी दडपल्यासारखं वाटतं. वॉर्निंग आली की ती 'दुरुस्त' करणं हे सद्वर्तन आणि ती दाबणं हे पाप, अशी सरळ विभागणी आपल्या मनात असते. पण मी आजवर पाहिलेल्या उपद्रवांपैकी बरेचसे दाबण्यातून आलेले नाहीत. ते तपासनिसाला खूश करण्यासाठी केलेल्या दुरुस्त्यांतून आले आहेत.

माहितीपुस्तिकेच्या पानांचंच घ्या. प्रत्येक प्रोग्रामला असं पान हवं हा डेबियनचा नियम. पण पानं लिहिणार कोण? म्हणून एके काळी डेबियनमध्ये 'अनडॉक्युमेंटेड' नावाचं एकच पान होतं. या प्रोग्रामला पान नाही, एवढीच माहिती देणारं पान. ज्यांच्याकडे पान नव्हतं ते आपल्या प्रोग्रामच्या नावाने या पानाकडे दुवा जोडत आणि तपासणीतून सुटत. कागदोपत्री देशात सगळीकडे पाणी आलं, नळ उघडला की 'पाणी नाही' अशी चिठ्ठी बाहेर पडते! पुढे नियमावलीने हे बंद केलं, आणि अनडॉक्युमेंटेडकडे दुवा जोडलेला दिसला की लिंटियन त्याचीच निराळी हरकत घेऊ लागला. पळवाट काढणाऱ्यांच्या नावाने नवं कलम तयार होणं हा खास आपल्याकडचा अनुभव आहे असं मला वाटायचं; तसं नाही हे कळून दिलासा मिळाला.

स्पेलिंगचंही तेच. वेबच्या एचटीटीपी या संकेतात, वाचक कुठल्या पानावरून आला हे सांगणारं एक क्षेत्र आहे. 'रेफरर' या इंग्रजी शब्दात मधे दोन 'आर' हवेत. त्या क्षेत्राच्या नावात एकच आहे. चूक लक्षात येईपर्यंत ती सगळीकडे पसरली होती आणि १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात चुकीच्या स्पेलिंगसकट कायम झाली. आज एखाद्या कर्तव्यदक्ष मेंटेनरने ते स्पेलिंग सुधारलं, तर शुद्धलेखन जिंकेल आणि त्याचा प्रोग्राम दुसऱ्या कुणाशी बोलू शकणार नाही.

हे विनोद झाले. पण याच जातीची एक गोष्ट डेबियनच्या घरातच घडली आणि तिने जगभरच्या लोकांना कुलपं बदलायला लावली. ओपनएसएसएल हे गुपितं राखणारं सॉफ्टवेअर. त्याला यादृच्छिक आकडे लागतात, कुणालाही आधी ओळखता येऊ नयेत असे. हे आकडे घुसळून काढणाऱ्या कोडमध्ये एक ओळ दोन ठिकाणी होती. स्मृतीतला आधी किंमत न भरलेला भाग वाचला जातोय अशी ओरड व्हॅलग्रिंड हा तपासनीस त्यापायी करत असे. ओरड तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. २००६ मध्ये डेबियनच्या मेंटेनरने त्या ओळी बंद केल्या. मनमानीने नव्हे, ओपनएसएसएलच्या कर्त्यांकडे आधी विचारणा झाली होती आणि 'करू नका' असं कुणी ठासून म्हटलं नव्हतं. ओरड थांबली. दोन जागांपैकी एका जागची ओळ गेली असती तरी फारसं बिघडलं नसतं. दुसऱ्या जागची मात्र घुसळणीत खरी सामग्री टाकणारी होती. ती गेल्यावर आकड्यांच्या मुळाशी फरक करणारं उरलं काय, तर चालू प्रक्रियेचा क्रमांक. तो जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंतच जायचा. म्हणजे कोट्यवधी वर्षं शोधूनही सापडू नये अशी किल्ली मूठभर हजारांच्या जुडग्यातून निघू लागली. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. लुसियानो बेलो यांच्या ते लक्षात आलं आणि १३ मे २००८ ला डेबियनने जाहीर केलं. डेबियन आणि तिच्यावर उभ्या असलेल्या उबुंटूवर त्या काळात बनलेल्या किल्ल्या मोडीत काढाव्या लागल्या. ज्या किल्ल्या स्वीकारायच्याच नाहीत त्यांच्या काळ्या याद्यांची पॅकेजं निघाली.

ही गोष्ट सहसा 'वॉर्निंग दाबली म्हणून अनर्थ झाला' अशी सांगितली जाते. मला ती उलटी दिसते. वॉर्निंग दाबली असती तर काहीच झालं नसतं! व्हॅलग्रिंडलाही अशी दडपणाची फाईल देता येते. त्यात 'हे मुद्दाम आहे' असं लिहून ठेवलं असतं तर कोड जसाच्या तसा राहिला असता आणि किल्ल्या मजबूत राहिल्या असत्या. अनर्थ झाला तो ज्याच्याबद्दल ओरड होती ती वस्तूच ओरड थांबवण्यासाठी बदलल्याने. बदनाम ओव्हरराइडने इथे घर वाचवलं असतं.

आमच्या वसईत या गोष्टीचा प्रत्यय यायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. या गावाचं नाव पोर्तुगीजांच्या तोंडी बासाइम, इंग्रजांच्या तोंडी बॅसीन. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर काही काळ बाजीपूर. यातलं कुठलं बरोबर म्हणून तपासनिसाने कुणाखाली लाल नागमोडी रेघ मारायची? तुस्कानो, लोपीस, डाबरे, परेरा ही आमच्याकडची अस्सल मराठी बोलणारी घरं. फोनला ती सगळीच संशयित वाटतात. इथल्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीत एखादं वाक्य लिहिलं, तर पानभर नुसत्या रेघा उमटतात. रेघा परवडल्या. रेघ ही वॉर्निंग असते, पाहावी आणि पुढे जावं. पण हल्लीचा फोन रेघ मारून थांबत नाही, परस्पर दुरुस्ती करतो. वसईची वाळवलेली केळी, सुकेळी, पुण्याच्या मावशीला पाठवत होतो तेव्हा मी लिहिलं, 'मावशी, सुकेळी पाठवतोय.' फोनने लिहिलं, 'मावशी सुकली पाठवतोय.' मावशीला मधुमेह आहे आणि त्या वर्षी ती खरोखरच बारीक झाली होती. तिच्या मते वाक्याचा पहिला भाग आगाऊ होता आणि दुसरा अर्धवट.

म्हणजे मग वाट्टेल तो शेरा मारावा का? नाही. गप्प करता न येणाऱ्या काही सूचनाही असल्या पाहिजेत, आणि हे शहाणपण आमच्या चर्चगेट-विरार मार्गावर डब्यातल्या त्या बाईपेक्षा मोटरमनच्या केबिनमध्ये जास्त आहे. तिथे एडब्ल्यूएस नावाची यंत्रणा असते, ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम. सिग्नल हिरवा असेल तर ती काही बोलत नाही. पिवळ्याला ती वाजते आणि मोटरमनने काही सेकंदांत बटण दाबून पोच द्यायची असते; दिली नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. लाल ओलांडला तर पोच घेण्याचा प्रश्नच नाही, थेट ब्रेक. पिवळ्याला दिलेली पोच नीट पाहण्यासारखी आहे. बटण दाबल्याने सिग्नल हिरवा होत नाही. तो पिवळाच राहतो. मोटरमनने फक्त एवढं म्हटलेलं असतं की मी पाहिला, आता जबाबदारी माझी. हिरव्याला न बोलणं हा यातला मोठा भाग. हीच यंत्रणा प्रत्येक खांबाला वाजली असती तर बटणावरचा अंगठा एव्हाना आपोआप पडू लागला असता.

डेबियननेही २००९ मध्ये असे लाल आणि पिवळे वेगळे काढले. नवं पॅकेज जिथे जमा होतं तिथल्या दारावरच लिंटियनच्या निवडक हरकती तपासल्या जाऊ लागल्या. त्यांतल्या काहींवर ओव्हरराइड असेल तर पॅकेज आत घेतात. काहींवर तुम्ही कितीही सुंदर कारण लिहा, पॅकेज आपोआप परत येतं. ही दुसरी यादी आखूड आहे, म्हणूनच लोक तिला मानतात. तपासनीस दर वेळी लालच दाखवू लागला तर मेंटेनरही विरारचा प्रवासी होतो. मग त्याला खरी एररसुद्धा पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाही. आणि अशा वेळी खोट्या वॉर्निंग ओव्हरराइडने बाजूला करणं हा आळस नसतो, ती खऱ्या वॉर्निंगची सोय असते. यादीत पस्तीस खोट्या ओळी आणि एक खरी असेल, तर त्या पस्तिसांना कारणासकट गप्प केल्याशिवाय छत्तिसावी कुणाला दिसणार?

एक जात मात्र मला सहन होत नाही, ती म्हणजे कारण न लिहिलेला ओव्हरराइड. दुसऱ्याचं पॅकेज सांभाळायला घेतलं की त्यात असे शेरे सापडतात. हरकतीचं नाव आहे, पुढे स्टार आहे, वर काही नाही. लिहिणारा दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कामाला लागलेला असतो. त्याला काही ठाऊक होतं म्हणून त्याने लिहिलं, की साडेअकरा वाजले होते म्हणून लिहिलं? काढावा तर भीती, ठेवावा तर शंका. मी सरळ काढतो आणि लिंटियन चालवतो. हरकत परत आली तर ती नव्याने समजून घेतो. बऱ्याचदा ती परत येतच नाही. मधल्या काळात मूळ प्रोग्राम सुधारलेला असतो, किंवा तपासनीस शहाणा झालेला असतो, आणि शेरा मात्र आपला जागच्या जागी उभा. लिंटियन याचीही नोंद घेतो. ज्या ओव्हरराइडला आता काही गप्प करायला उरलेलं नाही, त्याच्याबद्दल तो वेगळी सूचना देतो. तपासनिसाला गप्प करणाऱ्या ओळीवरच तपासनिसाची हरकत, हे मला फार आवडतं. आपल्या कचेऱ्यांत ही सोय असती तर किती कपाटं रिकामी झाली असती!

वरच्या मजल्यावरच्या मुलाचं पॅकेज शेवटी तीन ओव्हरराइडांवर आलं. पाठवण्याआधी त्याने फाईल मला दाखवली. पहिल्या दोघांवरची कारणं चोख होती. तिसऱ्यावर, इंग्रजीत आणि पूर्ण गांभीर्याने, लिहिलं होतं की काकांच्या सल्ल्यावरून.

"हे कारण नाही," मी म्हटलं.

"पण तुम्हीच सांगितलंत ना!"

"मी का सांगितलं ते लिही. काका उद्या विरार गाडीत चेंगरले तर डेबियनवाले कुणाला विचारणार?"

त्याने ते खोडलं आणि लांब ओळींची हकिकत लिहिली. पॅकेज गेलं. काही महिन्यांनी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. मूळ लेखकाने स्वतःच उतारे सुटसुटीत, छोट्या ओळींत मांडले होते. मुलगा पुन्हा दारात, लॅपटॉप उघडाच.

"काका, तुमचा शेरा आता कशालाच लागू होत नाही म्हणतोय."

"मग काढून टाक."

"काढतोच," तो म्हणाला, "पण आधी तुमचं नाव होतं त्याच्यात. म्हटलं, विचारून काढावा."